चाल तुकोबांची

चिवड्याची बशी पुढ्यात घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकाला मी देवळात नेले, तर तो आनंदाने येईल. चर्चमध्ये चला म्हटले, तर मात्र जरा बिचकेल. त्याला हसण्याचा अधिकार मला नाही, मीही त्यातलाच.

गेल्या नाताळाच्या आधी सिहोऱ्याला एका विद्यार्थ्याकडे उतरलो होतो. बाजाराचा दिवस. तुमसर सोडल्यापासून वाटेत धानाचे पुंजणे, आणि गावात शिरताच बैलगाड्या, टेंपो नि माणसांचा कलकलाट. शेजारच्या ओसरीवर एक म्हाताऱ्या बाई तांदूळ निवडत गुणगुणत होत्या. चाल अभंगाची. मी मास्तरकीच्या तोऱ्यात विचारले, "आजी, तुकोबांचा कोणता हा?"

"नाही जी, गुरुजी. टिळकांचा होय. आमच्या चर्चमधला."

मी ओशाळलो. वीस वर्षे मी रेव्हरंड नारायण वामन टिळक शिकवतो. फुलामुलांचे कवी म्हणून! त्यांची भजने आली की 'ही धार्मिक' असे म्हणून पान उलटतो. तुकोबांचे पान मात्र त्या कारणाने मी कधी उलटलेले नाही.

आपल्याकडच्या चर्चच्या इमारतींचा इतिहास शोधला तर सापडतो. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. त्यांनी गोंडांची गाणी नि चालीरीती टिपून ठेवल्या. नागपूरचे ऑल सेंट्स कॅथेड्रल १८५१ सालचे. त्याच्याच आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. पण भिंतींच्या आत काय गातात, हे आम्ही मराठीच्या मास्तरांनी कधी ऐकले?

फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापले, ते ओवीत; दहा हजारांहून अधिक ओव्या. टिळकांच्या हाती १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबल ठेवले. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आजही आमच्या तुमसर रोडवरूनच जाते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या जागी त्यांनी अभंग नि पदे दिली. टाळ-मृदंग आणि कीर्तन उपासनेत आणले. त्यांची दोनशेंहून अधिक गीते मराठी चर्चमध्ये गाइली जातात. १९१९ साली ते गेले. गाणी ओसऱ्याओसऱ्यांवर राहिली.

आजी नाताळाला मुलाबरोबर भंडाऱ्याला जातात. एरवी ओसरी हेच त्यांचे चर्च. निघताना त्यांनी विचारले, "हे पोरांना शिकवत नाही का जी तुम्ही?" उत्तर देण्याऐवजी मी मोटार सुटायची वेळ झाली असे सांगितले. मोटारीला अजून अर्धा तास होता.

जानेवारीत वर्गात टिळकांचे एक भजन घेतले. मोठ्या उत्साहाने म्हणूनही दाखवले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वर्षभर तोंड उघडले नव्हते, तो उभा राहिला आणि भीतभीत म्हणाला, "सर, चाल चुकली."

मग त्याने ती बरोबर म्हणून दाखवली. आम्ही सर्वांनी त्याच्यामागून म्हटली.