बाबांच्या स्टिरिओत आधी काय बदलायचं?



तीन आठवडे माझ्या ऑनलाइन कार्टमध्ये एक अ‍ॅम्प्लिफायर पडून होता. १०० वॅटचा, काळाभोर, चकचकीत. किंमत जवळपास १५,००० रुपये, म्हणजे माझा अख्खा बोनस. बाबांच्या साठीला हेच द्यायचं, असं मी मनात पक्कं केलं होतं.

बाबांचा स्टिरिओ माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. बेळगावला असताना त्यांनी हप्त्यावर घेतलेला. एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी पेट्यांचे स्पीकर. आमची सकाळ पंडित भीमसेन जोशींच्या आवाजाने व्हायची. २०१७ मध्ये आम्ही बनशंकरीला आलो, स्टिरिओही आला. पण हळूहळू बाबांनी तो लावणंच सोडलं. आता ते मोबाईल कानाजवळ धरून गाणी ऐकतात. विचारलं तर म्हणतात, "त्यात आता मजा येत नाही गं."

मला वाटलं, मशीन जुनं झालं, नवं आणलं की झालं! पण पैसे भरण्याआधी थोडं वाचलं आणि मी थबकलेच.

मला वाटायचं, ५० वॅटच्या जागी १०० वॅट आणला की आवाज दुप्पट. तसं नसतं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट! आणि आपल्यासारख्या छोट्या हॉलमध्ये नेहमीच्या आवाजात गाणी ऐकताना जेमतेम दोन-चार वॅट खर्च होतात. मग १०० वॅट घेऊन मी करणार काय होते?

तेव्हा ठरवलं, आधी घरात आहे तेच नीट बघू.

रविवारी स्पीकर खाली काढले. एक कपाटावर होता, दुसरा सोफ्यामागे कोपऱ्यात. मागच्या वायरी बघितल्या आणि मी गप्पच झाले. एका स्पीकरची लाल वायर लाल पिनला, दुसऱ्याची लाल वायर काळ्या पिनला! घर बदललं तेव्हा वायरी कोणी जोडल्या होत्या? मीच. मोठ्या ऐटीत.

असं उलटं जोडलं की एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. दोघांचे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गाणं ऐकू येतं, पण त्यात जीव राहत नाही. स्टिरिओ बंद करून वायर बदलली, पुन्हा सुरू केला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अगंबाई, डग्गा आला!"

खर्च शून्य रुपये. आणि इतकी वर्षं मी मशीनला दोष देत होते.

तुम्हालाही तपासायचं असेल तर एखादं जुनं मोनो गाणं लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. गायकाचा आवाज समोरून, मधोमध यायला हवा. तो खोलीभर पसरल्यासारखा वाटला तर वायर बघा. पण वायरीला हात लावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला विसरू नका.

मग जागा बदलली. दोन्ही स्पीकर स्टुलांवर ठेवले, बसल्यावर कान येतात त्या उंचीला. दोघांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर बाबांची खुर्ची. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर नुसता घुमतो, म्हणून तो भिंतीपासून दीड फूट पुढे आणला. आमच्या हॉलमध्ये टाइल्स आणि मोकळ्या भिंती, त्यामुळे आवाज घुमायचा. आईने जाड सतरंजी घातली, जाड पडदे लावले. तोही फरक लगेच कळला.

जाळी काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पडद्याच्या कडेची फोमची रिंग हात लावताच भुगा होत होती. जुन्या स्पीकरमध्ये हे सर्रास होतं. मी पेट्या घेऊन मेट्रोने के. आर. मार्केटला उतरले आणि एस. पी. रोडवर गेले. बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की सगळे तिकडेच वळतात. दुरुस्तीवाल्या काकांनी पडदा बोटाने हलकेच दाबून बघितला आणि म्हणाले, "स्पीकर चेन्नागिदे मॅडम. रिंग अष्टे होगिदे." स्पीकर चांगला आहे, फक्त रिंग गेली आहे. दोन्ही रिंगा आणि मजुरी मिळून १,८०० रुपये झाले.

शेवटी मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये गेले. डेटा वाचवायला गाण्याची क्वालिटी 'लो' वर ठेवली होती. ती 'हाय' केली. पुन्हा शून्य रुपये.

इतकं झाल्यावर बाबांना खुर्चीत बसवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. डग्गा आला, आवाज भरदार आला. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात ते म्हणाले, "छान झालंय. पण तंबोरा अजून नीट येत नाही."

मला तर तंबोऱ्याच्या तारांची झणझण स्वच्छ ऐकू येत होती. आईलाही. मी अ‍ॅम्प्लिफायरकडे बघितलं, तर ट्रेबलचं बटण आधीच पूर्ण उजवीकडे फिरवलेलं.

आणि मग एकेक आठवलं. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज. फोनवर दर दोन वाक्यांनी "काय म्हणालीस?" लग्नाच्या हॉलमध्ये एका कडेला जाऊन बसणं. आम्ही याला 'बाबांचं लक्ष नसतं' म्हणायचो. कधी चिडायचोही.

वय वाढतं तसे आधी वरचे सूर ऐकू येणं कमी होतं. स, श, फ ही अक्षरंही तिथलीच. त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाही. कितीही वॅट आणले तरी ते भरून निघत नाही.

बाबा तपासणीला लगेच तयार झाले नाहीत. "म्हणजे मीच जुना झालो म्हण की!" असं म्हणून हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "बाबा, स्पीकरची रिंग बदलताना आपण त्याला जुना म्हटलं का?" दोन आठवड्यांनी आले. ऑडिओमेट्री झाली. अर्ध्या तासाचं काम, काही दुखत नाही. वरच्या सुरांचं ऐकणं दोन्ही कानांत कमी झालंय. डॉक्टरांनी श्रवणयंत्र वापरून बघायला सांगितलंय. बाबा म्हणतात, "बघू." मी बोनस तसाच ठेवलाय.

तर मंडळी, घरच्या स्टिरिओवर खर्च करायचा असेल तर माझ्या अनुभवावरून हा क्रम:

१. वायरी, जागा, अ‍ॅपचं सेटिंग. यात पैसे लागत नाहीत.
२. खोली. सतरंजी, पडदे, पुस्तकांचं कपाट.
३. स्पीकर. दुरुस्त होत असतील तर दुरुस्ती, नाहीतर बजेटचा मोठा वाटा नव्या स्पीकरवर. आवाजात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.
४. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. तो खरखरत असेल, एक बाजू बंद पडत असेल किंवा स्पीकरला कमी पडत असेल, तरच.

आणि या सगळ्याच्या आधी, ऐकणाऱ्याला एकदा विचारा: तुम्हाला नेमकं काय ऐकू येत नाही?

मी हा प्रश्न बाबांना सगळ्यात शेवटी विचारला. तुम्ही आधी विचारा.