आधी बारावी, मग लगीन

महाड-पोलादपूरच्या आई-बापांना आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पोलादपूर तालुक्यातलं तानाजीचं उमरठ कुणाला सांगायला नको. पोराचं, रायबाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी १६७० मध्ये कोंढाण्यावर गेला, ही गोष्ट आपण शाळेच्या गॅदरिंगपासून शिवजयंतीच्या स्टेजपर्यंत छाती फुगवून सांगतो. पण घरातल्या मुलीला स्थळ आलं की बारावीची परीक्षा तोंडावर असली तरी आपलं लगीन काही थांबत नाही. मुलगा कामाला आहे, मुंबईला खोली आहे, असं स्थळ पुन्हा येईल का? झालं, बोलणी सुरू. अहो, मुलगी चांगली असेल तर स्थळ येईलच पुन्हा. बारावी एकदा सुटली की पुन्हा धरणाऱ्या मुली किती, ते आपापल्या वाडीत मोजून बघा. अठराच्या आत लग्न तर गुन्हाच आहे. लावून देणारे आणि सामील होणारेही त्यात अडकतात. कुणाच्या कानावर असं काही आलं तर १०९८ हा नंबर आहे, फोन फुकट लागतो.

आता गौरीचं बघा. पाणवठ्यावरून तेरड्याची गौर वाजतगाजत घरात येते आणि रात्री ओटीवर फेर धरला जातो. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की ओढणीचं टोक चावत बसणारी आपली मुलगी इथे लांबलचक गाणं न अडखळता म्हणते. मागच्यांचा ताल चुकला की डोळे वटारते. फुगडीला आपल्या दुप्पट वयाच्या काकीला अशी गरगरवते की काकीच हात जोडते. ही मुलगी लाजाळू आहे म्हणून पुढे शिकणार नाही, हे मला कुणी सांगू नये. तिला चारचौघांत उभं राहता येतं, आपण तशी संधी वर्षातून दोन रात्रीच देतो.

गौर पूर्वा नक्षत्रात आली की नव्या सुनेचा ओवसा. सुपं आली, फळं आली, साडी आली, माहेरची धावपळ आली. कर्ज काढूनही घरं हा ओवसा करतात आणि कुणी हिशेब विचारत नाही, कारण ती रीत आहे. करा, हौसेने करा. पण शिकणाऱ्या मुलीच्या नावाने आपल्याकडे अशी एकही रीत नाही. लग्न झालं की तिचं सूप भरायचं, आणि त्याआधी अकरावीच्या पुस्तकांना मात्र हात आखडायचा? दर गौरीला घरातल्या शाळकरी मुलीच्या बँक खात्यात जमेल तेवढी रक्कम टाकायची, अशी रीत आपणच पाडू या.

रीत अशी पाडता येते का, असं विचारणाऱ्याने महाडच्या चवदार तळ्यापाशी जावं. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती जाळली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वेळी बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायकांसाठी वेगळं भाषण केलं, ते कमी सांगितलं जातं. मुलींना शिकवा, आणि जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं आणि जड दागिने सोडून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी लगोलग नेसण्याची पद्धत बदलली. पिढ्यांची रीत होती ती.

फी हे आता कारण उरलेलं नाही. सरकारने मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत केलं त्याला कितीतरी वर्षं झाली, एसटीचा पासही बारावीपर्यंत फुकट आहे. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ आहे. महाडात आंबेडकर महाविद्यालय आहे, पोलादपुरात सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे. अडतं ते वाटेवर. डोंगरातल्या वाडीवरून खाली उतरायचं, जुलैत ओढा भरलेला, संध्याकाळची गाडी चुकली तर काळजाचं पाणी. ही भीती खोटी नाही, आईला त्यावरून कुणी बोलू नये. त्या भीतीवर उपाय करावा. चार घरच्या मुलींनी बरोबर जावं, थांब्यावर घ्यायला वाडीतल्या माणसांनी पाळी लावावी. शासकीय वसतिगृहाची चौकशी दहावीचा निकाल लागायच्या आधीच करावी, जागा कुणाची वाट बघत नाहीत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरांनी निघण्यापूर्वी शाळेतून मुलीचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवलं की जाल तिथल्या शाळेत तिला बसता येतं. आणि गुरुजींनो, ते लोक मागायला आले नाहीत तर तुम्हीच पाड्यावर जा.

राहिलं चाकरमान्यांचं मुंबई मंडळ. देवळाच्या कळसाला, सभामंडपाच्या पत्र्याला पावत्या फाटतात. त्याच वहीत एक पान मुलींच्या एसटी-पुस्तकांचं, नाहीतर महाडात भाड्याने घेतलेल्या खोलीचं असू द्या. गणपतीतल्या गावकीच्या बैठकीत फेर धरणाऱ्या मुलींनाच बोलवा आणि काय अडतंय ते त्यांनाच सांगू द्या. फक्त हा विषय पहिला घ्या. शेवटी ठेवलात तर हिशेबाची भांडणं होईपर्यंत मुंबईची गाडी सुटायची वेळ झालेली असते.