विमानतळही चालू, कामही चालू : मुंबईच्या टर्मिनल 1 चा भार शेवटी रायगडच्या रस्त्यावर

श्रीवर्धन : दुबई, कुवेत, मस्कतला नोकरीला असलेला माणूस सुट्टी संपवून परत निघाला की घरात दोन दिवस आधीपासून एकच हिशोब चालतो. विमान पहाटे 4 चं. तीन तास आधी पोहोचायचं म्हणजे रात्री 1 ला सहारला. रस्त्याला पाच-सहा तास. वडखळ-पेणला अडकलं तर आणखी एक. म्हणजे संध्याकाळी 6 च्या आत गाडी निघालीच पाहिजे. श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यात अशी कित्येक घरं आहेत. विमान चुकलं तर तिकिटाचे पैसे जातात ते जातातच, कामावर हजर व्हायची तारीखही जाते.

म्हणून मुंबई विमानतळावर काय चाललंय हा विषय फक्त मुंबईकरांचा नाही. तिथलं सांताक्रूझचं जुनं टर्मिनल 1 पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलंय. हे काम करताना विमानतळ बंद ठेवता येणार नाही. प्रवासी येत-जात राहणार, विमानं उडत राहणार आणि त्यातच पाडापाडी आणि बांधकाम होणार. हे जमवायचं कसं, आणि त्याची झळ कोणाला बसणार, हे समजून घ्यायला हवं.

मुंबईला हात-पाय पसरायला जागाच नाही

मुंबई विमानतळाची जागा सुमारे 750 हेक्टर. एका बाजूला अंधेरी, दुसरीकडे कुर्ला, भोवती झोपडपट्टी आणि धावपट्टीखालून वाहणारी मिठी नदी. धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. दोन असून एकीचंच काम होतं. 2024-25 या वर्षात या विमानतळावरून सुमारे साडेपाच कोटी प्रवासी गेले-आले.

गर्दीच्या वेळी इथे तासाला 46 विमानांची ये-जा चालायची. विमानं आकाशातच घिरट्या घालू लागली, 40 मिनिटं ते तासभर. शेवटी फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने हा आकडा 44 वर आणायला लावला. जिथे तासाला दोन विमानं कमी करण्यासाठी दिल्लीहून आदेश काढावा लागतो, तिथे एक अख्खं टर्मिनल बंद करणं म्हणजे केवढं काम असेल याचा अंदाज यावा.

एक उदाहरण. 1 जुलै 2019 च्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुढे जाऊन रुतलं. ते बाहेर काढेपर्यंत मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. शेकडो उड्डाणं रद्द झाली. एका रुतलेल्या विमानाने एवढा गोंधळ होतो, कारण विमानतळाला मोकळा वेळ असा नाहीच.

राहतं घर उकलायची रीत

कोकणात राहतं घर दुरुस्त करायचं तर काय करतात? माणसं बाहेर काढत नाहीत. आधी पडवीत चूल मांडतात, मग माजघर उकलतात. माजघर उभं राहिलं की चूल आत नेतात आणि पडवीला हात घालतात. विमानतळाचंही तंत्र हेच आहे.

सहारचं टर्मिनल 2 असंच बांधलं गेलं. जुनं आंतरराष्ट्रीय टर्मिनल चालू होतं. त्याला लागून नव्याचा पहिला भाग उभा केला. 10 जानेवारी 2014 ला उद्घाटन झालं, 12 फेब्रुवारी 2014 पासून प्रवासी तिकडे वळवले. मग जुनी इमारत पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर उरलेला भाग बांधला. एवढ्या काळात आखातातली विमानं एक दिवसही थांबली नाहीत.

धावपट्टीची दुरुस्ती तर त्याहून अवघड. तिला पडवी नसते. तिथे वेळ कापून काढावा लागतो. 2019 मध्ये 7 फेब्रुवारी ते 30 मार्च या काळात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी 11 ते संध्याकाळी 5 धावपट्ट्या बंद ठेवून काम केलं. दर वर्षी पावसाळ्याआधीही एक दिवस सहा तास बंद ठेवतात. 2024 ला तो दिवस 9 मे होता. या तारखा कित्येक महिने आधी कळवल्या जातात, म्हणजे विमान कंपन्या त्या वेळेची तिकिटंच विकत नाहीत. 5 वाजले की पट्टी चालू. काम अर्धवट राहिलं म्हणून रात्री 8 पर्यंत बंद ठेवू, असं तिथे चालत नाही.

टर्मिनल 1 ची पडवी उलव्यात

टर्मिनल 1 ची क्षमता वर्षाला दीड कोटी प्रवाशांची. पाडायचं तर एवढी माणसं कुठे न्यायची? मार्च 2025 मध्ये जाहीर झालेला बेत असा होता : नोव्हेंबर 2025 पासून टर्मिनल 1 बंद करायचं, त्यातले एक कोटी प्रवासी नवी मुंबई विमानतळावर आणि 50 लाख टर्मिनल 2 वर न्यायचे. 2028-29 पर्यंत दोन कोटी क्षमतेचं नवं टर्मिनल उभं करायचं.

म्हणजे पडवी कुठे, तर उलव्यात, आपल्या रायगड जिल्ह्यात. पण ती वेळेत तयारच झाली नाही. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं आणि प्रवासी विमानं 25 डिसेंबर 2025 पासून उडाली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा तिथून एकही प्रवासी विमान जात नव्हतं. टर्मिनल 1 पाडायचा मुहूर्त पुढे गेला. योग्यच झालं. चूल मांडायच्या आधी माजघर उकललं असतं तर माणसं उपाशी राहिली असती.

तसं झालं तर काय होतं, हे एकदा दिसलंय. करोनाच्या काळात टर्मिनल 1 बंद होतं आणि सगळी उड्डाणं टर्मिनल 2 वरून चालली होती. ऑक्टोबर 2021 मध्ये सणासुदीचे प्रवासी वाढले तशी टर्मिनल 2 वर तपासणीच्या रांगांत इतकी गर्दी झाली की लोकांची विमानं चुकली. 13 ऑक्टोबर 2021 ला टर्मिनल 1 पुन्हा उघडलं, तेव्हा भार हलका झाला. श्रीवर्धनच्या माणसाने हे ध्यानात ठेवावं. आखाताचं विमान मुंबईतून टर्मिनल 2 वरूनच सुटतं. टर्मिनल 1 वर कुदळ पडली की तिथले 50 लाख प्रवासी त्याच रांगेत येणार आहेत.

महामार्गावर हा नियम का नाही?

चालू जागेवर रुंदीकरण म्हणजे काय, हे शिकायला इथल्या माणसाला विमानतळावर जायची गरज नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं काम 2011 ला सुरू झालं. तेव्हा शाळेत पहिलीत गेलेलं पोर आता कॉलेजात आहे. रस्ता चालू, कामही चालू, आणि खड्डेही चालू. कोणता भाग कधी बंद, वळण कुठे, संपणार कधी, याचं वेळापत्रक गाडीवाल्याच्या हातात कधी पडलंच नाही.

फरक तंत्राचा नाही, जबाबदारीचा आहे. विमानतळावर सहा तासांचे सात तास झाले तर विमान कंपनी नुकसान मोजून दाखवते. महामार्गावर एसटी दोन तास उशिरा आली तर कोण मोजतं? सुपारीची गोणी वाशीला उशिरा पोहोचली, पेशंटची गाडी नागोठण्याला अडकली, विमान चुकलं, हे कुठल्याच हिशोबात धरलं जात नाही.

आणि हाच रस्ता आता विमानतळाचा रस्ता झालाय. श्रीवर्धन, म्हसळा, मोर्बा, माणगाव, कोलाड, नागोठणे, पेण करत पनवेलला पोहोचलं की उलवे जवळच. सहारला जायचं तर पनवेलच्या पुढे वाशी खाडी आणि मुंबईची गर्दी अजून बाकी असते. दक्षिण रायगडसाठी नवी मुंबई विमानतळ खरंच सोयीचं आहे. फक्त तिथे जायची सोय झाली पाहिजे.

जिल्ह्याने जमीन दिली, आता रस्ता मागावा

1160 हेक्टरवरच्या या विमानतळासाठी पनवेल-उरण भागातली 10 गावं उठली. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी आणि सगळे टप्पे झाले की नऊ कोटी प्रवाशांची ही जागा आहे. मुंबईचं टर्मिनल नीट पाडता यावं म्हणून रायगड आपली पडवी देतोय. मग रायगडच्या टोकाच्या तालुक्यांनी मागायचं काय?

मागणी मोठी नाही. श्रीवर्धन आगारातून नवी मुंबई विमानतळापर्यंत थेट एसटी हवी, विमानांच्या वेळा बघून. टर्मिनल 1 बंद व्हायच्या आधी किमान तीन महिने तारीख आणि कोणतं विमान कुठे जाणार याची यादी मराठीत तालुक्यापर्यंत पोहोचली पाहिजे. आणि महामार्गाच्या उरलेल्या कामाला धावपट्टीसारखं वेळापत्रक हवं : किती वाजता बंद, किती वाजता चालू, आणि नाही झालं तर जबाब कोणाचा. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव घेऊन आगार व्यवस्थापक, जिल्हाधिकारी आणि आमदार-खासदारांकडे पाठवला तर निदान विषय कागदावर येईल.

तोपर्यंत प्रवाशांनी काय बघावं

तिकिटावर फक्त "मुंबई" वाचून गाडी काढू नये. बीओएम लिहिलं असेल तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय असेल तर उलवे. बीओएम असेल तर टर्मिनल 1 की 2 तेही बघावं. एजंटने काढलेलं तिकीट असेल तर निघायच्या आदल्या दिवशी कंपनीचा मेसेज पुन्हा तपासावा. ड्रायव्हरला नाव नाही, ठिकाण सांगावं. चुकीच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला तिथून दुसरीकडे वेळेत पोहोचणं मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये कठीण आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मुंबई विमानतळही काही तास बंद ठेवावा लागला होता. वादळाची तारीख कोणाच्या हातात नसते. टर्मिनल पाडायची तारीख मात्र माणसंच ठरवतात. ती ठरवताना संध्याकाळी 6 ला गावातून निघणारा माणूसही हिशोबात धरला जावा, एवढीच अपेक्षा आहे.