दुसऱ्याचं नाव सांगा

जॅकी रॉबिन्सन हे नाव बेसबॉल कधीच न पाहिलेल्यांनीही ऐकलेलं असतं. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि अमेरिकेच्या मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फुटली, असं आपण वाचतो. ठीक. आता दुसऱ्याचं नाव सांगा.

लॅरी डोबी. अकरा आठवड्यांनी, ५ जुलैला, क्लीव्हलँड इंडियन्सकडून.

‘पहिल्याने दार उघडलं, बाकीचे मागून आत आले’ ही गोष्ट मला मुळातच खोटी वाटते. रॉबिन्सनचं मोठेपण मला कमी करायचं नाही. पण तो नॅशनल लीगमध्ये होता, डोबी अमेरिकन लीगमध्ये. त्या काळी या दोन लीगचे संघ फक्त वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर येत. म्हणजे डोबीसमोरचं दार वेगळं होतं, आणि ते बंदच होतं.

शिवाय रॉबिन्सनला आधी माँट्रियलच्या संघात एक अख्खा हंगाम मिळाला होता. डोबी ४ जुलैला नेवार्क ईगल्स या कृष्णवर्णीयांच्या संघाकडून खेळला आणि दुसऱ्या दिवशी थेट मेजर लीगच्या मैदानात. वय २३. ओळख करून देताना काही सहकाऱ्यांनी हातही मिळवला नाही. टूसॉनला सराव शिबिर असे तेव्हा संघ हॉटेलात उतरे आणि डोबी एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी. अकरा आठवड्यांत देश सुधारला होता म्हणे!

पहिल्या हंगामात त्याची बॅट चाललीच नाही. मग तो सेकंड बेस सोडून सेंटर फील्डला उभं राहायला शिकला आणि १९४८ साली क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली. चौथ्या सामन्यात निर्णायक ठरलेला होमरन डोबीचा. त्यानंतर गोरा पिचर स्टीव्ह ग्रोमेक आणि डोबी यांनी एकमेकांना मारलेल्या मिठीचा फोटो देशभर छापला गेला. १९५२ आणि १९५४ या दोन्ही वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्याचेच. एवढं करून हॉल ऑफ फेममध्ये रॉबिन्सन गेला १९६२ साली आणि डोबी १९९८ साली.

डोबी शेवटचा सामना खेळला १९५९ साली. त्याच वर्षी बॉस्टन रेड सॉक्सने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला. मेजर लीगमध्ये १६ संघ होते, आणि शेवटच्या संघाला १२ वर्षं लागली. डोबीची सगळी कारकीर्द त्या ‘उघडलेल्या’ दारांवर धडका मारण्यात गेली.

पहिल्याचा पुतळा उभारणं संस्थांना परवडतं. एकाला आत घ्यायचं, फोटो काढायचा, आणि प्रश्न सुटला म्हणून मोकळं व्हायचं. आपणही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून ‘पहिला’ आणि ‘पहिली’ पाठ करत मोठे होतो आणि याच सोयीला हातभार लावतो. म्हणून यापुढे कुणी ‘पहिली’ अमुक झाल्याची बातमी फॉरवर्ड केली, तर टाळ्या जरूर वाजवा. पण दुसरी कधी आली, आणि तिला कसं वागवलं, हेही विचारा.