हिरकणीचा कडा

रायगडावर दूध घालावयास गेलेल्या हिरकणीची आख्यायिका तुम्ही ऐकली असेलच. कोजागिरीची रात्र, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले गडाचे दरवाजे, आणि पायथ्याच्या घरी पाळण्यात एकटे तान्हे बाळ! पहारेकरी दार उघडीनात, तेव्हा ज्या कड्यावरून दिवसाही कोणी उतरू धजत नसे, तो कडा उतरून ती माउली बाळापाशी पोहोचली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधविला.

मुलांनो, या कथेतील एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. बुरुजामुळे हिरकणीचे नाव राहिले, हे खरे. परंतु तिची वाटही त्याच बुरुजाने बुजली. पुढे एखादी दुसरी गवळण गडावर अडकली असती, तर तिला ना दार उघडे, ना कडा! गडाच्या रक्षणासाठी नियम कडक हवेत, हे मान्य. पण जिच्या घरी तान्हे मूल आहे, तिला दिवस मावळण्यापूर्वी मोकळे करावे, असा काही नियम झाल्याचे आख्यायिकेत कोठे येत नाही. आपण आईच्या धाडसाचे गोडवे गातो. तिच्यावर तसे धाडस करण्याची वेळ येऊ नये, याची तजवीज करावयाचे मात्र विसरतो.

'अलीकडे बायका घराबाहेर पडू लागल्या आणि मुलांची आबाळ होऊ लागली,' असे पुष्कळ लोक म्हणतात. हे म्हणणे मला पटत नाही. हिरकणी काही अलीकडची नव्हे. शेतात भांगलण करणारी, बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी, पहाटे धार काढून डेअरीत दूध घालणारी आई आपल्या कोल्हापूरच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी शाळेत असताना मुलांना विचारीत असे, "तुझी आई काय करते?" एक मुलगा चटकन म्हणाला, "काही नाही, घरीच असते." पुढे कळले, की त्याची आई घरी बसून कोल्हापुरी चपलांसाठी चामड्याच्या वेण्या घालते! जिच्या बोटांमुळे आपल्या गावाच्या चपलेला शोभा येते, तिचे काम खुद्द तिच्या मुलाच्या हिशेबी नव्हते. त्यात दोष त्या मुलाचा नव्हता. घरीदारी तो जे ऐकत आला, तेच बोलला.

आईने काम केले म्हणजे मुलांचे नुकसानच होते, असे मानणाऱ्यांनी केळवकरांचे घर आठवावे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानातील मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्या काळी मुलींना शाळेत पाठवावयास घरोघरी विरोध; तेव्हा हे काम केवढे जिकिरीचे असेल, याची कल्पना करा. त्यांची कन्या कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम करू लागल्या. आज आपण ज्याला सी.पी.आर. म्हणतो, तेच हे रुग्णालय. १८८६ साली याच रुग्णालयात डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. पण कामावर रुजू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास त्यांचा अंत झाला. आनंदीबाईंच्या हातून राहून गेलेले काम एका नोकरी करणाऱ्या आईच्या मुलीने पुढे चालविले. मात्र राजाचा आधार सर्वांनाच लाभतो असे नाही. इतरांसाठी कायदाच हवा.

तसे कायदे झालेही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील, तेथे पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक केले. १९६१ साली प्रसूतिकाळातील पगारी रजेचा कायदा झाला; बारा आठवड्यांची ती रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली. एस.टी.च्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिला 'हिरकणी कक्ष' हे नाव दिले आहे. नाव समर्पक आहे. खोली उघडी आणि स्वच्छ असली, म्हणजे अधिकच समर्पक वाटते!

परंतु घराच्या दाराआड कायदा जात नाही. संध्याकाळी आईवडील दोघेही थकून येतात. वडील वर्तमानपत्र हाती घेतात आणि आई पदर खोचून चुलीपाशी जाते. 'मी आईला मदत करतो,' असे तुमच्यापैकी काहीजण अभिमानाने सांगतात. मला तो 'मदत' शब्दच खुपतो. भांडी सर्वांनी उष्टी केली, मग ती घासणे एकट्या आईचे काम कसे? आणि बहिणीने केर काढावा, भावाने मात्र खेळावयास जावे, ही वाटणी कोणी ठरविली?

एका आईपर्यंत तर वरचा कोणताच कायदा धडपणे पोहोचलेला नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोड मजूर आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर येतात. नवराबायको दोघे मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो. खाडा झाला, तर पैसे कापले जातात. मग बाळंतपणाची रजा कोठली? पहाटेच्या थंडीत ती फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि रात्री खोपीत येऊन पुन्हा चूल पेटविते. दिवसभर तिचे तान्हे बांधावर झोळीत असते. झोळीला झोका देणारी बहीण बहुधा तुमच्याच वयाची, अकराबारा वर्षांची असते. तिचे नाव दूर गावाकडच्या एखाद्या शाळेच्या पटावर असते, आणि तेथे रोज सकाळी हजेरी घेतली जाते.