एका मिलिमीटरची किंमत

आखूड पण उंच अशा ज्या मोटारगाड्यांना सगळे जण ‘छोटी एसयूव्ही’ म्हणतात, त्या आता आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर दिसतात. त्यांच्या माहितीपत्रकातील लांबीचा आकडा तुम्ही कधी पाहिला आहे का? टाटा नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटर, ह्युंदाई व्हेन्यू ३,९९५ मिलिमीटर, मारुती सुझुकी ब्रेझा ३,९९५ मिलिमीटर! कंपन्या तीन, आराखडे काढणारे वेगळे, कारखाने वेगळे; पण लांबी मात्र मिलिमीटरपर्यंत सारखी. तीन मुलांच्या निबंधांत एकच वाक्य शब्दशः सारखे निघाले, तर गुरुजींना जी शंका येते, तीच इथेही यायला हवी.

या आकड्याचे मूळ भौतिकशास्त्रात नाही, ते करांच्या नियमात आहे. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी मोटार कोणती? जिची लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० घनसेंटिमीटर व डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंटिमीटर यांपेक्षा मोठे नाही, ती. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही रेषा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के आणि बाहेरच्या गाडीवर ४० टक्के कर आहे. (विजेवर चालणाऱ्या गाड्या या हिशेबात येत नाहीत.)

आता एक सोपे गणित करू. करापूर्वी एका गाडीची किंमत ८ लाख रुपये आहे असे समजा. ती बरोबर ४,००० मिलिमीटर लांब असेल, तर कर १ लाख ४४ हजार रुपये. ती ४,००१ मिलिमीटर झाली, तर कर ३ लाख २० हजार रुपये. म्हणजे त्या एका मिलिमीटरची किंमत १ लाख ७६ हजार रुपये! मग आराखडा काढणारा बंपर थोडा आत ढकलतो, मागचा भाग उभा कापतो, डिकीतील जागा कमी करतो. त्यात नवल ते काय?

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सुझुकी कंपनीची जिम्नी. जपानमध्ये ‘केइ’ नावाचा छोट्या मोटारींचा एक वर्ग आहे. त्या वर्गातील गाड्यांना कर कमी, पण मापे ठरलेली. १९७० साली पहिली जिम्नी निघाली तेव्हा मर्यादा होती लांबी ३ मीटर आणि इंजिन ३६० घनसेंटिमीटर. मागच्या दारावर स्टेपनी लावली असती, तर गाडी तीन मीटरच्या बाहेर गेली असती. म्हणून स्टेपनी गाडीच्या आत, मागच्या आसनाच्या जागी ठेवली. परिणामी गाडीत तीनच माणसे बसू लागली. चौथ्या माणसाची जागा चाकाने घेतली!

आजची जिम्नी २०१८ सालची. केइ वर्गाची आजची मर्यादा लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० घनसेंटिमीटर अशी आहे. जपानमधील छोटी जिम्नी ३,३९५ मिलिमीटर लांब, १,४७५ मिलिमीटर रुंद आणि ६५८ घनसेंटिमीटर इंजिनाची आहे. तीनही आकडे रेषेला टेकलेले. परदेशांसाठी त्याच सांगाड्यावर मोठे इंजिन, मोठे बंपर आणि रुंद मडगार्ड लावतात. तेव्हा रुंदी १,६४५ मिलिमीटर होते.

रुंदीतला हा फरक नुसता दिखाऊ नाही. रुंद जिम्नीत डाव्या आणि उजव्या चाकांमधील अंतर सुमारे १.४० मीटर आहे. अरुंद जिम्नीत ते सुमारे १.२७ मीटर आहे. एक काडेपेटी फळीवर उभी ठेवा, ती घसरू नये म्हणून खाली पट्टी आडवी लावा आणि फळी एका बाजूने हळूहळू उचला. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा काडेपेटीच्या तळाबाहेर गेली, की ती पडते. गाडीचेही तसेच. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे असे आपण गणितापुरते धरू. मग अरुंद गाडी सुमारे ४४ अंशांच्या उतारावर आडवी कलंडेल आणि रुंद गाडी सुमारे ४७ अंशांवर. कराच्या नियमाने वाचवलेली रुंदी अशी वळणावर मोजावी लागते.

हीच गाडी २०२३ साली भारतात पाच दारांची होऊन आली. गुरुग्रामच्या कारखान्यात बनलेल्या या जिम्नीची लांबी ३,९८५ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर ३४० मिलिमीटरने वाढवल्यामुळे मागच्या माणसांची सोय झाली. पण आस लांब गेले की मधले पोट उंचवट्याला लवकर टेकते. तीन दारांची गाडी २८ अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडते, पाच दारांची २४ अंशांचाच. एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने द्यावे लागले. शिवाय लांबी रेषेच्या आत असूनही इंजिन १,४६२ घनसेंटिमीटरचे असल्याने या गाडीला सवलत मिळत नाही ती नाहीच.

युरोपात तर आणखी गंमत झाली. तिथे कंपनीने विकलेल्या सर्व नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी पाहतात आणि मर्यादा ओलांडली की दंड करतात. २०२० च्या सुमारास हा नियम कडक झाला. चौकोनी अंगामुळे हवेचा विरोध जास्त, त्यामुळे जिम्नीचे आकडे वाईट. मालवाहू गाड्यांची मर्यादा मात्र सैल होती. म्हणून मागची आसने काढून, पुढे दोन माणसे आणि मागे सामान अशी जिम्नी मालवाहू वर्गात विकायला आणली. इंजिन तेच, धूर तोच, फक्त माणसे दोन कमी! हवा स्वच्छ करण्यासाठी केलेल्या नियमाचे हे फळ.

कधी कधी तडजोड कायद्यामुळे नव्हे, तर एकच आराखडा अनेक देशांत चालवण्यामुळे होते. फोर्ड इकोस्पोर्टची दुसरी आवृत्ती ब्राझीलमध्ये आखली गेली आणि २०१३ साली भारतात आली. मागचे दार आडवे उघडणारे, बिजागऱ्या डाव्या बाजूला. ब्राझीलमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा पदपथाकडून सामान ठेवणे सोपे. आपल्याकडे गाडी डावीकडे उभी राहते. तिथे उघडे दार पदपथाच्या बाजूलाच आडवे येते आणि वाहत्या रस्त्याच्या बाजूने वळसा घालावा लागतो.

या तडजोडींना मी दोष देत नाही. अभियांत्रिकी म्हणजेच तडजोड. पण काही तडजोडी जिवाशी गाठ घालतात. ताशी ५६ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली, तर ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २५ पट येते. चेपायला आणखी १० सेंटिमीटर मिळाले, तर ते सुमारे २१ पट होते. सूत्र तुम्हाला माहीत आहे, करून पाहा. अशा दहा सेंटिमीटरसाठी चार मीटरच्या आत ओढाताण चालते. तरीही नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवले. म्हणजे आखूड गाडी सुरक्षित करता येते. मनात आणावे लागते. उलट २०१७ साली याच संस्थेने भारतातील रेनॉ डस्टरच्या एअरबॅग नसलेल्या नमुन्याला शून्य तारे दिले. लॅटिन अमेरिकेत त्याच नावाच्या, एअरबॅग असलेल्या गाडीला चार तारे मिळाले होते. नाव एक, पण जिवाची किंमत देशागणिक वेगळी.

मग करावे काय? माझे मत असे, की पायरीसारखे नियम सोडून चढणीसारखे नियम करावेत. चार मीटर ही पायरी आहे. अलीकडे एक दर, पलीकडे एकदम दुप्पट. पायरी दिसली की प्रत्येक जण तिच्या काठावर येऊन उभा राहतो. त्याऐवजी गाडीचे वजन आणि किलोमीटरमागे जळणारे इंधन यांच्या प्रमाणात कर थोडा थोडा वाढत गेला, तर एका मिलिमीटरसाठी कोणी बंपर कापणार नाही, आणि वाचवलेल्या प्रत्येक किलोग्रॅमचे बक्षीस मात्र मिळेल.

यावर कोणी म्हणेल, लांबी मोजपट्टीने मोजता येते, तिच्यात फसवणूक होत नाही. इंधन आणि धूर यांच्या चाचण्यांत होते. हे खरे आहे. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारी आज्ञावली गाड्यांत सापडली होती. चार मीटरच्या नियमाने आपल्याकडे लहान गाड्या स्वस्त ठेवल्या आणि अरुंद रस्त्यांवरची गर्दी थोडी आटोक्यात राहिली, हेही मान्य करायला हवे. पण मोजायला सोपे तेच मोजावे, असे विज्ञान शिकवत नाही. जे हवे आहे ते मोजायला शिकावे, असे ते शिकवते.

पायरी ठेवायचीच असेल, तर ती सुरक्षिततेची असावी. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. अशी किमान मर्यादा प्रत्येक गाडीला, प्रत्येक देशात सारखी हवी. तिथे सूट नको.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना मोजपट्टी देऊन शाळेबाहेर उभ्या असलेल्या दहा गाड्यांची लांबी मालकांना विचारून मोजू द्यावी आणि आकडे फळ्यावर मांडावेत. चार मीटरच्या अलीकडे आकड्यांची गर्दी दिसेल. ती गर्दी का झाली, याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे. उद्या यांच्यातलेच कोणी गाड्यांचे आराखडे काढील आणि कोणी नियमही करील.