हे गाणं नेमकं कोणाला ऐकवायचंय?

नातं तुटल्याची बातमी मैत्रिणींच्या ग्रुपवर पडली, की तासाभरात प्लेलिस्टची लिंक येते. मला तीन आल्या. एकीचं नाव 'क्वीन मोड', दुसरीचं 'तू आग आहेस', तिसरीचं इथे लिहिण्यासारखं नाही. चार वर्षं घरात आणि गाडीत कोणतं गाणं लागणार हे तोच ठरवायचा. माझं काही लागलं की म्हणायचा, "काय ही रडगाणी!" त्यामुळे आपली गाणी आपण निवडणं ही माझ्यासाठी किरकोळ गोष्ट नाही, आणि म्हणूनच या प्लेलिस्टांचा मला राग येतो.

ऐकून बघा, त्यातली बहुतेक गाणी त्याच्याशीच बोलत असतात. बघ, मी किती खूश आहे. बघ, तुझ्यावाचून माझं काही अडलं नाही. बघ, मी कसली भारी दिसते. बघ, बघ, बघ! ज्याच्या नजरेतून सुटायला दोन बॅगा घेऊन बाहेर पडले, त्यालाच पुन्हा पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची? याला सक्षमीकरण म्हणत असतील. मला तर हा त्याच्यासाठी केलेला ओव्हरटाइम वाटतो.

शिवाय ही गाणी भयंकर घाईत असतात. पहिल्या कडव्यात रडायचं, दुसऱ्यात उठायचं, शेवटी नाचायचं, साडेतीन मिनिटांत काम फत्ते. मी दीड महिना दाराची बेल वाजली की दचकत होते. अशा वेळी कणखर गाणं धीर देत नाही, हजेरी घेतं.

कोणी म्हणेल, मग ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह'? १९७८ सालचं हे गाणं परत आलेल्या प्रियकरालाच तर सुनावतं! बरोबर. पण स्टेजवर पडून पाठीवर शस्त्रक्रिया झालेली गेनर ते गायली ती पाठीला ब्रेस लावून. गाताना मनात ती दुखरी पाठ होती आणि गेलेली आई होती, असं तिनेच नंतर सांगितलंय. शब्दांत प्रियकर आहे, आवाजात नाही. कंपनीने ते रेकॉर्डच्या बी-साइडला टाकलं होतं, हेही जाता जाता.

आपल्याकडच्या बायकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या गटाने गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ऐकाच. सासरचा जाच, नवऱ्याचा स्वभाव, माहेर तुटल्याचं दुःख, सगळं आहे. पण ते सांगतात कोणाला? जात्याला, आईला, भावाला, विठ्ठलाला, समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या बाईला. छळणाऱ्याला काही सिद्ध करून दाखवायची उठाठेव त्यात फारशी नाही. तो म्हणायचा तीच ही रडगाणी, आणि त्यांचा आवाज पहाटेच्या अंधारात घरभर जायचा.

जात्याचे गोडवे मी गात नाहीये. दळून हात भरून यायचे, आणि त्यातल्या बहुतेकींना घर सोडायची सोयच नव्हती. मला होती. पण समोर दुसरी बाई बसलेली असायची ही त्यांची सोय मला हवी आहे, आणि ती हेडफोनमध्ये मिळत नाही.

सध्या मी सकाळी किशोरीताईंचा भूप लावते. भूप रात्रीचा राग, माहीत आहे, वाद नको. त्यात कोणी कोणाला जिंकून दाखवत नाही, एकेक स्वर नीट जागेवर ठेवत जातात. बाकी मैत्रिणींनो, लिंक पाठवू नका. रविवारी घरी या. मी भाकऱ्या थापते, तुम्ही गा, मग उलट करू. बेसूर चालेल. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतील, त्यांचं मी बघते.